विनोदानंतरचं वाक्य

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक ४१ वर्षांचे आहेत. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक लीड आहेत, या क्षेत्रात १७ वर्षं झाली, हाताखाली नऊ जणांची टीम. टीमच्या चॅटवर ‘टपरी’ नावाचा ग्रुप त्यांनीच काढला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की तंत्रज्ञान क्षेत्रातली ताजी बातमी आणि खाली स्वतःची एक तिरकस ओळ, हा त्यांचा रोजचा रतीब. जगभरचे सर्व्हर बसले त्या दिवाळीत त्यांनी लिहिलं, “नरकासुर मेला, पण जाताना डीएनएस घेऊन गेला.” (डीएनएस म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा.) एआय कोड लिहिणार या घोषणेवर, “एआय लिहिणार, एआयच तपासणार, आपण फक्त स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, उभं राहायचं.” आठवड्याला ९० तास काम करा असं एक मोठे उद्योगप्रमुख म्हणाले तेव्हा, “म्हणजे हिंजवडीतून घरी जाणं आता अधिकृतपणे बंद.” सगळे हसायचे.

गेल्या महिन्यात टीममधल्या दोघांना कंपनीने कमी केलं. दुसऱ्या दिवशी यांनी टाकलं, “आता कोड रिव्ह्यूची कटकट नाही, रिव्ह्यू करायला कुणी उरलंच नाही.” कुणीच हसलं नाही. त्याच आठवड्यात टीममधली सर्वांत धाकटी मुलगी, लातूर जिल्ह्यातली, घरातली पहिली इंजिनिअर, त्यांना म्हणाली, “सर, तुम्ही रोज सांगता की या फील्डचं काही खरं नाही. बाबा म्हणताहेत तलाठी भरतीचा फॉर्म भर. भरू का?” बायकोही म्हणते की तू हल्ली कशाबद्दलच चांगलं बोलत नाहीस. वाचक विचारतात: ग्रुप बंद करू? बातम्या वाचणंच सोडू? पण मी खोटं काय बोललो? आतलं सगळं दिसत असताना जाहिरातीला भुलल्याचं नाटक करायचं का?

नमस्कार,

पत्रासोबत तुम्ही गेल्या दोन वर्षांतल्या तुमच्या चाळीसेक ओळी पाठवल्यात. त्या मी सगळ्या वाचल्या, काही दोनदा. नरकासुराच्या ओळीला मोठ्याने हसले. मी स्वतः १९ वर्षं प्रोग्रॅमिंग केलं आहे, त्यामुळे ही भाषा मला परकी नाही. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य आपल्या धंद्यात म्हणीसारखं का वापरलं जातं, तेही ठाऊक आहे.

म्हणून आधी एक सांगते. ग्रुप बंद करू नका. बायकोचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, त्याकडे मी येणार आहे, पण विनोद थांबवणं हा त्यावरचा इलाज नाही. तमाशातल्या सोंगाड्याला राजालाही चार शब्द सुनवायची मुभा असते, आणि ती मुभा गावाला हवी असते. ज्या टीममध्ये अशक्य डेडलाइनवर कुणी विनोद करत नाही, तिथे बहुतेक वेळा ती डेडलाइन अशक्य आहे हेही कुणी बोलत नाही. मग बग लपवले जातात आणि ग्राहकाच्या हातात गेल्यावर बाहेर येतात. तुमच्या टीमला बोलायची सवय आहे आणि ती तुम्ही लावली आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. “मी खोटं काय बोललो?” हा प्रश्न मला पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, म्हणून तो मी शब्दशः घेतला आणि तुमच्या ओळी तपासायला बसले.

१९ जुलै २०२४ ची ओळ घ्या. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या अपडेटने जगभरची विंडोज यंत्रं निळी पडली तो दिवस. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाख यंत्रांचा होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तुम्ही लिहिलंत, “शुक्रवारी डिप्लॉय करू नये हे आमच्या आजीलाही माहीत होतं.” (डिप्लॉय म्हणजे नवा कोड प्रत्यक्ष वापरात सोडणं.) वार शुक्रवार होता, हे खरं. पण कारण शुक्रवार नव्हतं. कंपनीने नंतर जे सविस्तर कारण प्रसिद्ध केलं ते असं: एका तपासणीच्या साच्यात २१ रकाने ठरवलेले होते, आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. आधीच्या चाचण्यांमध्ये त्या २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच २१व्या रकान्यात काय आहे ते बघायची वेळ आली, प्रोग्रॅमने नसलेल्या जागी हात घातला आणि यंत्र कोसळलं. त्यात ही फाइल थोड्या यंत्रांवर पाठवून, वाट पाहून मग पुढे, अशी टप्प्याटप्प्याने गेली नाही. सगळीकडे एकदम गेली. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर जी यंत्रं पडली त्यांतल्या बहुतेकांना माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये उघडून, ती फाइल हाताने काढावी लागली.

हे तुम्हाला माहीत असणार. तुमच्या धाकट्या सहकारी मुलीला माहीत आहे का? तुमच्या ओळीतून तिला एवढंच कळलं की मोठ्या कंपन्यांतले लोक मूर्ख असतात आणि गुरुवार सुरक्षित असतो. या दोन्हींतलं काहीच खरं नाही. त्या घटनेत शिकण्यासारखं होतं ते हे की चाचणीत ‘काहीही चालेल’ लिहून सोडलेली जागा पुढे कधीतरी उघडी पडते. हे तिच्या उद्याच्या कामाला लागू आहे. तिने परवा लिहिलेल्या टेस्टमध्येही कदाचित अशी एक जागा असेल.

तेव्हा तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण अर्धवट बोललात, आणि ती अर्धवट गोष्ट ज्यांना उरलेला अर्धा भाग माहीत नाही त्यांच्यासमोर बोललात. तुमच्या वयाच्या, तुमच्याइतकी वर्षं काम केलेल्या मित्राला एक ओळ पुरते. त्याच्या डोक्यात पुढचं सगळं आपोआप उलगडतं. नव्या माणसाच्या डोक्यात उलगडायला काही साठाच नसतो. त्याच्यापाशी फक्त सूर पोचतो, आणि सूर असा आहे की या सगळ्यात काही अर्थ नाही.

नरकासुराची ओळ तर मला फारच आवडली, आणि म्हणूनच वाईटही वाटलं, कारण तिच्यामागे इतकी सुंदर गोष्ट आहे! २० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशीची दुपार. आपल्याकडे फराळाची ताटं निघत होती आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्र होत आली होती. अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागातल्या एका डेटाबेस सेवेचा पत्ताच डीएनएसमधून नाहीसा झाला, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या शेकडो सेवा एकामागून एक आडव्या झाल्या. ‘शेवटी डीएनएसच निघतं’ हा आपल्यातला जुना विनोद सगळ्यांनी केला. पण पत्ता गेला कसा?

लातूरच्या त्या मुलीला तलाठी कार्यालयाचंच उदाहरण द्या, तिच्या डोळ्यांसमोर लगेच येईल. समजा, एक माणूस नोंदींचे नवे आराखडे बनवतो आणि दोन कारकून ते वहीत उतरवतात. कामात खंड नको म्हणून दोघे मुद्दाम वेगळे ठेवलेत. एक दिवस पहिला कारकून फार रेंगाळला. त्याने आपला आराखडा ताजा आहे की नाही ते सुरुवातीला तपासलं होतं, पण उतरवून होईपर्यंत तो शिळा झाला. तेवढ्यात दुसऱ्याने नवा आराखडा वहीत उतरवला आणि नियमाप्रमाणे जुने आराखडे नष्ट करायला घेतले. नेमक्या त्याच वेळी पहिल्याने आपला शिळा आराखडा नव्यावर उतरवला. आणि दुसऱ्याच्या साफसफाईत तो जुना म्हणून नष्टही झाला. वहीत राहिलं कोरं पान. यंत्रणेला ते स्वतःहून दुरुस्त करता येईना, माणसांना हात घालावा लागला. सगळं पुरतं सुरळीत व्हायला १४ तासांहून जास्त लागले.

यात मूर्ख कुणीच नाही. दोन कारकून ठेवणं शहाणपणाचंच होतं. तपासून मग उतरवणं हेही बरोबर होतं, फक्त तपासणं आणि उतरवणं यांच्यामध्ये किती वेळ जाऊ शकतो याचा विचार सुटला. ‘रेस कंडिशन’, म्हणजे दोन कामांतलं कोणतं आधी पोचतं यावर निकाल बदलणं, हा शब्द ती मुलगी कॉलेजात पाठ करून आली असेल. त्याचा अर्थ तिला त्या दिवशी कळला असता. मला हे असं काही वाचलं की अजूनही अंगावर काटा येतो, आणि मी या क्षेत्रात इतकी वर्षं का रमले ते आठवतं.

तुम्हीही यासाठीच आलात ना इथे? १७ वर्षांपूर्वी?

तुमचं दुसरं गृहीतक असं दिसतं की दोनच प्रकारची माणसं असतात, जाहिरातीला भुलणारी आणि आतलं दिसणारी. मला तिसऱ्या प्रकारच्या माणसाची आठवण करून द्यायची आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचे इंजिनिअर पोस्टग्रेस डेटाबेसची काही मोजमापं घेत होते. त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या यंत्रावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! ‘लिनक्सचं असंच असतं, चालायचंच’ म्हणून सोडून द्यायला ही एवढी बारीक गोष्ट. त्यांनी सोडली नाही. खणत गेले आणि एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या छोट्या लायब्ररीत (म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडच्या संचात) कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ विश्वास कमावत पेरलेला चोरदरवाजा त्यांना सापडला. तो जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याच्या आधी सापडला.

‘असंच असतं’ हे तुमच्या ओळींमध्ये वेगवेगळ्या शब्दांत अकरा वेळा आलंय. मी मोजलं. ते वाक्य मला काळजीचं वाटतं, विनोदापेक्षा कितीतरी जास्त. विनोद माणसाला जागं ठेवू शकतो. पण ‘असंच असतं’ म्हणायची सवय लागली की अर्धा सेकंद दिसेनासा होतो. बायको जे म्हणते आहे ते याच सवयीबद्दल असावं असं मला वाटतं. तिला तुमचे विनोद नकोसे झाले असतील असं नाही. तुम्ही एखाद्या गोष्टीबद्दल उत्सुक होऊन बोललात असं तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नसेल.

आता ते रिकामं राहिलेलं सकाळचं चॅट, ज्या दिवशी कुणी हसलं नाही. तुम्ही लिहिता की आधी सगळे हसायचेच, मग त्या दिवशी काय झालं. मला शंका आहे की आधीही सगळे हसत नव्हते. तुम्ही त्यांचे लीड आहात. अप्रेझलला तुमचं मत घेतलं जातं. कुणाला कोणत्या प्रोजेक्टवर ठेवायचं हे तुम्हाला विचारलं जातं. तुमच्या ओळीखाली हसरा चेहरा टाकायला एक क्षण लागतो आणि न टाकणं डोळ्यांवर येतं. बरोबरीच्या माणसांत केलेला विनोद आणि हाताखालच्या माणसांत केलेला तोच विनोद, यांचं वजन सारखं नसतं. तुमच्या तोंडून ‘आपलं काही खरं नाही’ आलं की तुम्ही ते गमतीने म्हणता, आणि त्यांना वाटतं सरांना वरून काहीतरी कळलंय.

यावर माझाही एक अनुभव आहे, आणि तो मला अजून बोचतो. २००९ च्या मंदीत आमच्या कंपनीत बेंचवर, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना पगारावर बसून, आम्ही चौदा जण होतो. दुपारी कँटीनमध्ये बेंचवरचे विनोद चालायचे, त्यांत मीही होते. आमच्यातला एकजण सगळ्यांत मोठ्याने हसायचा. त्याला कंपनीने काढल्यावर आम्हाला कळलं की त्याने घरी आपल्याला नवा, मोठा प्रोजेक्ट मिळालाय असं सांगितलं होतं. ते खरं वाटावं म्हणून तो शनिवारीही डबा घेऊन ऑफिसला येऊन बसायचा. घराचा हप्ता चालू होता. आम्ही पाच महिने त्याच्यासोबत रोज जेवलो आणि तुझं कसं चाललंय हे एकदाही विचारलं नाही, कारण रोज इतकं हसत होतो की विचारायची गरजच वाटली नाही. कंपनीने त्याला ज्या पद्धतीने काढलं ते वाईटच होतं. पण मी काय केलं नाही, ते माझ्यापाशी आहे.

म्हणून ज्या दिवशी कुणाची नोकरी जाते त्या दिवशी विनोद नको. एवढा एकच नियम मी तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी करेन. त्या दिवशी फोन करायचा. गेलेल्या दोघांना तुम्ही अजून केला नसेल तर आज करा. महिना झाला म्हणून संकोचू नका. नोकरी गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात फोन येतात, नंतर येत नाहीत. ‘काही लागलं तर सांग’ असं मोघम बोलू नका. तुमच्या ओळखीच्या तीन ठिकाणी त्यांचा बायोडेटा पाठवायची परवानगी मागा आणि तुम्ही शिफारशीत नेमकं काय लिहिणार आहात ते त्यांना वाचून दाखवा. इतक्या वर्षांत तुम्ही त्यांचं कौतुक तोंडावर केलं नसेल, तेही त्यात होऊन जाईल.

आता एक नाजूक गोष्ट. चुकले असेन तर तसं कळवा.

तुमच्या चाळीस ओळींत मोठ्या कंपन्यांच्या जवळजवळ प्रत्येक बातमीवर काही ना काही आहे. २०२५ च्या सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, त्यावर तर तीन आहेत. पण जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० लोकांना, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या साधारण २ टक्क्यांना, कमी करणार असल्याचं सांगितलं. ती बातमी पुण्यात घराघरांत बोलली गेली. तिच्यावर तुमची एकही ओळ नाही. तिच्यात असं म्हटलं होतं की फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसेल. तुमची कंपनी वेगळी आहे. पण ४१ वर्षं, १७ वर्षांचा अनुभव, नऊ जणांची टीम, ही मधलीच फळी.

मला वाटतं तुम्ही घाबरला आहात. घाबरणं स्वाभाविक आहे. ज्या गोष्टीची खरी भीती वाटते तिच्यावर तुम्हाला विनोद सुचला नाही, आणि बाकी सगळ्यांवर रोज सुचला. ही भीती टीमसमोर बोलायची गरज नाही. बायकोसमोर मात्र आहे, आणि लवकर. शक्य तर हातात कागद घेऊन बोला, कारण अशी भीती आकड्यांत मांडली की तिला काठ येतात. महिन्याचा खर्च किती, त्यातला हप्ता किती, सहा महिने पगाराविना काढता येतील एवढे पैसे बाजूला आहेत का, नसतील तर किती महिन्यांत होतील. आई-वडील, मुलं सगळी कंपनीच्या आरोग्य विम्यावरच असतील तर स्वतःचा वेगळा विमा नोकरी असतानाच घ्या. नोकरीबरोबर कंपनीचा विमा जातो, आणि नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं. या कंपनीत ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, ती धरून हिशेब करा. आणि हे सगळ्याच वाचकांसाठी: उद्या कुणी खोलीत बोलावून ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड चांगलं राहील’ म्हणालं, तर तिथल्या तिथे सही करू नका. काय देणार ते लेखी मागा, दोन दिवस मागा, घरी जा, कामगार कायदा कळणाऱ्या वकिलाला दाखवा. राजीनामा दिला की ‘मी स्वतःहून गेलो’ असं होतं, आणि नंतर काही मागणं फार अवघड होऊन बसतं.

रात्री झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. हे मी जवळजवळ प्रत्येक आयटीतल्या वाचकाला सांगते.

आता लातूरची मुलगी. तिचा प्रश्न मला पत्र वाचल्यापासून सोडत नाहीये, कारण तो तिने तुम्हाला विचारला. ती गप्प बसून फॉर्म भरू शकली असती. तिचा तुमच्यावर विश्वास आहे.

तिला खोटा दिलासा देऊ नका. सुंदर पिचाईंनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की गूगलमधला पावहून जास्त नवा कोड एआय तयार करतं आणि इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. त्यानंतर ही साधनं पुढेच गेली आहेत. नव्या मुलांना शिकण्यासाठी जी छोटी छोटी कामं मिळायची, फॉर्म बनव, रिपोर्ट बनव, तीच सगळ्यांत आधी यंत्राकडे चालली आहेत. तिची काळजी खरी आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रोग्रॅमर आता लागणार नाहीत हे आपल्या धंद्यात पहिल्यांदा ऐकू येत नाही. कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर १९५९ मध्ये काम सुरू झालं तेव्हा एक आशा अशी होती की इंग्रजीसारख्या भाषेमुळे साहेब लोकांनाही प्रोग्रॅम वाचता येतील. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘द लास्ट वन’ नावाचा प्रोग्रॅम विकायला आला, म्हणजे हा घेतला की पुढे प्रोग्रॅम लिहावाच लागणार नाही. प्रत्येक वेळी लिहिणं सोपं झालं, म्हणून लोकांनी जास्त मागितलं, आणि माणसं जास्त लागली. यावेळीही तसंच होईल अशी हमी यातून मिळत नाही, हेही तिला सांगा. २०२५ च्या जुलैत मेटर या संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या प्रोजेक्टची खोलवर ओळख असलेले १६ अनुभवी प्रोग्रॅमर, २४६ कामं. एआयची साधनं वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण २० टक्के लवकर केलं. माणसं थोडी होती आणि साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती, त्यामुळे यावरून भविष्य सांगता येत नाही. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते इतकंच की आपण किती वेगाने चाललोय हे अनुभवी माणसालाही नुसत्या अंदाजाने कळलं नाही. मोजावं लागलं. मोजणारं, तपासणारं, ‘हे बरोबर आहे का’ असं विचारणारं माणूस लागतं, आणि तिला तसं घडवणं तुमच्या हातात आहे.

तलाठी भरतीचा फॉर्म भरायचा असेल तर भरू दे. ती चांगली नोकरी आहे, आणि तिच्या वडिलांची काळजी त्यांच्या जागी बरोबर आहे. पण तो निर्णय तिने तुमच्या तिरकस ओळींवरून घेऊ नये. म्हणून तिला बोलवा आणि आधी एवढंच सांगा: मी जे लिहायचो ते अर्धंच होतं, आणि त्याचा तुझ्यावर काय परिणाम होईल याचा मी विचार केला नाही. लांबलचक माफी नको, तिला अवघडल्यासारखं होईल. मग तिला एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या. छोटं चालेल, पण ग्राहकाशी बोलण्यापासून ते रात्री बंद पडलं तर उठण्यापर्यंत सगळं तिचं. कोड हवा तर एआयकडून लिहून घेऊ दे. त्यातल्या प्रत्येक ओळीबद्दल मात्र तिने तुम्हाला ‘ही का आहे’ ते सांगायचं. तीन महिन्यांनी तिला स्वतःलाच कळेल की तिला हे आवडतं की नाही, आणि ते कळण्यावरून घेतलेला निर्णय कोणताही असो, तिचा असेल.

राहता राहिली टपरी. ओळी टाका, पण बातमी आली त्या सकाळी टाकलीत तर आठवड्याने परत त्याच बातमीकडे या. मोठा बिघाड झाला की बऱ्याच कंपन्या काही दिवसांनी, कधी त्याच दिवशी, सविस्तर अहवाल काढतात. बुधवारी दुपारी अर्धा तास तो टीमसोबत वाचा. तुम्ही वाचू नका, दर वेळी सगळ्यांत नव्याला वाचायला द्या, आणि शेवटी एकच प्रश्न ठेवा: हे आपल्याकडे होऊ शकेल का? असंख्य वेबसाइटींची रहदारी सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या १८ नोव्हेंबर २०२५ च्या बिघाडापासून सुरुवात करा, तो सोपा आहे. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल केला, त्यामुळे एका फाइलमध्ये त्याच नोंदी दोनदा येऊ लागल्या, फाइल दुप्पट झाली, ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमची २०० ची मर्यादा ओलांडली गेली आणि तो कोसळला. सुरुवातीला त्यांनाही वाटलं की बाहेरून हल्ला झालाय. हे वाचल्यावर तुमच्या टीममधलं कुणीतरी नक्की म्हणेल की आपल्याकडेही अशी एक मर्यादा कुठेतरी लिहून ठेवली आहे. मग ती शोधायला जा. मिळाली तर त्या दिवशीच्या ओळीला कुणी मनापासून हसेल, आणि ती ओळ कदाचित तुमची नसेलही.

तुमच्या भीतीतून येणाऱ्या, कडू, खूप छान ओळीही थांबवू नका. त्या तुमच्या बरोबरीच्या मित्रांना पाठवा, ज्यांचं अप्रेझल तुमच्या हातात नाही आणि जे तुम्हाला उलटून विचारतील, “काय रे, ठीक आहेस ना?”

मुलीशी बोलणं झालं की मला कळवा. तिने फॉर्म भरला की नाही यापेक्षा तिने पहिल्या बुधवारी काय विचारलं, ते मला ऐकायचं आहे.